गुरुवारी येणाऱ्या खोक्याबद्दल

ती. आई आणि ती. बाबा यांस,

सप्रेम सलाम.

पत्र आईने आधी मनातल्या मनात वाचावं आणि मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवावं, तेही त्यांचा चहा झाल्यावर. फोनवर बोलायचा प्रयत्न मी तीनदा केला. बाबा "हं, हं" करतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. कागदाला तसं करता येत नाही.

तर गुरुवारी एक मोठं खोकं येईल. परत पाठवायचं नाही. आत घडीची चाकाची खुर्ची आहे, निळ्या रंगाची. १८ इंचांची बैठक घेतली आहे, बाबांना ऐसपैस होईल आणि आपल्या मधल्या दारातूनही निघेल (दादाकडून दार मोजून घेतलं, त्याला बोलू नका, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं). पैसे भरून झालेत. किती, ते विचारायचं नाही. पाळकसाहेबांशीही बोलून झालंय. हंगामाच्या सणाला, म्हणजे पीक आल्याच्या उपकारस्तुतीला, बाबांनी उपासनेला जायचं आहे, त्या खुर्चीत बसून.

तुम्हाला न विचारता ठरवलं. चुकलंच माझं. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुम्ही एकदा नको म्हटल्यावर ते मोडायची माझी अजूनही छाती होत नाही. पंचवीस वर्षं वॉर्डात काढली, भल्या भल्या सर्जनना तोंडावर उत्तरं दिली, पण तुमच्यापुढे मी अजून चौथीतलीच आहे.

ऑपरेशन होऊन पाच महिने होत आले. खुब्याचं हाड छान जुळलंय, वॉकरने अंगणापर्यंत येता. पण अंगण ते चर्च हे अंतर वेगळं आहे, आणि रस्त्याची काय दशा आहे ते मी दिवाळीत पाहिलं. या पाच महिन्यांत तुम्ही एकदाही प्रभुभोजन घेतलं नाही. पाळकसाहेब घरी घेऊन येतो म्हणाले, तर "माझ्यासाठी कशाला कुणाला त्रास" म्हणून नाही म्हणालात. आणि तरुण संघाची पोरं उचलून नेतो म्हणाली तेव्हा काय म्हणालात, ते आईने मला शब्दशः सांगितलंय: "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे."

हसले मी आधी. मग रात्रपाळीत ते वाक्य डोक्यातून जाईना.

बाबा, मार्कच्या दुसऱ्या अध्यायातल्या त्या पक्षाघाती माणसालाही चौघांनीच उचलून आणलं आणि छप्पर उकरून येशूपुढे खाली सोडलं होतं ना? शब्बाथ शाळेत तुम्हीच आम्हाला ते करून दाखवायचात. सतरंजीची चार टोकं चौघांनी धरायची, मधे सगळ्यात हलकी म्हणून मी, आणि तुम्ही छप्पर उकरण्याचा आवाज काढायचात. गोष्ट संपली की विचारायचात, "येशूने कुणाचा विश्वास पाहिला?" आम्ही म्हणायचो, त्या आजाऱ्याचा. तुम्ही म्हणायचात, "नीट वाचा. त्यांचा विश्वास. उचलणाऱ्यांचा." तो बिचारा अध्यायभर स्वतः काही बोलतच नाही, आपल्याला उचलू देतो इतकंच. आणि जाताना खाट स्वतः उचलून चालत घरी जातो. तेव्हा चौघांनी उचललं की थेट कबरस्तानच, हे कुठल्या शास्त्रात आहे?

मला राहून राहून एका शब्दाची गंमत वाटते. आपल्या बायबलात आणि उपासनेत जागोजागी उपकार आहेत. उपकारस्तुती करा, उपकारस्मरण करा, त्याचे सर्व उपकार विसरू नको. हेच तुम्ही पेटीवर बसून आयुष्यभर गायलात, तेही दुसऱ्या कुणाला सूर न लावू देता. आणि घरात तुमचं ठरलेलं वाक्य कोणतं? "कुणाचे उपकार नकोत." शेजाऱ्यांची शिडी नको, दादाच्या सासऱ्यांची गाडी नको. रविवारी उपकारांची स्तुती आणि सोमवारपासून उपकारांचा वीट. दोन्हीकडे शब्द तोच. लहानपणी मला वाटायचं, देवाचे उपकार म्हणजे काहीतरी निराळा प्रकार असेल.

ते कुठून आलं, हे मला माहीत नाही असं समजू नका. बोर्डिंगच्या फीचं तुम्हाला किती वर्षं ऐकवलं गेलं, आणि कुणी, ते आईने एकदा सांगितलंय. नाव मी लिहीत नाही. ज्याला दर सणाला चारचौघांत "मी होतो म्हणून शिकलास" ऐकावं लागलं, त्याला उपकार या शब्दाची शिसारी येणारच. पण बाबा, तो त्या माणसाचा स्वभाव होता, देवाचा नव्हे. याकोबाच्या पत्रात काय आहे? देव सर्वांना उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. म्हणजे देऊन झाल्यावर ऐकवत नाही. सावकाराची वही त्याच्याकडे नाही. देव सर्वसमर्थ आहे, सर्वज्ञ आहे, हे सगळं तुम्ही आम्हाला शिकवलंत, पण माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच, की तो दिलेलं बोलून दाखवत नाही.

आणि तरुण संघाची पोरंही बोलून दाखवणारी नाहीत. त्यातल्या तिघांना तुम्ही बेरीज-वजाबाकी शिकवली आहे. त्यांना तुमच्यासाठी काहीतरी करायचंय, करू द्या.

यशया ४६ मी परवा पुन्हा वाचला. बेल आणि नबो ही बाबेलची दैवतं जनावरांच्या पाठीवर लादलेली आहेत, जनावरं थकून वाकलीत, आणि ती दैवतं स्वतःलाही वाचवू शकत नाहीत. त्याला लागूनच परमेश्वर म्हणतो, तुम्हाला जन्मापासून मी वाहिलं, आणि तुमचे केस पिकेपर्यंतही मीच वाहीन. म्हणजे माणसांना वाहावा लागतो तो खोटा देव, आणि जो माणसांना वाहतो तो खरा. तुम्ही हा उतारा नेहमी मूर्तींविषयी सांगायचात. मला मात्र या वेळी तो पिकलेल्या केसांविषयी वाटला. देवाला वाहायचं असेल तर तो हात कुणाचे वापरणार? आपल्या गावात तरी त्या चौघा पोरांचेच.

मला टायफॉइड झाला होता ते साल आठवतं? ओढ्याला पाणी होतं म्हणून सायकल काठावर टाकून तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. तुमच्या ओल्या सदऱ्याचा वास आणि कानाशी चाललेलं गुणगुणणं, एवढंच मला आठवतं. गाणं कोणतं ते नाही आठवत. दवाखान्यात पोचलो तेव्हा मी झोपले होते. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलंच नाही, कारण तो उपकार आहे हे मला सुचलंच नव्हतं.

असो. रडत बसायला वेळ नाही, साडेसातला ड्यूटी आहे.

आता व्यवहाराचं. चर्चच्या पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. चाकाच्या खुर्चीला इंचाला फूटभर उतार लागतो, म्हणजे अठरा फुटांची फळी. ती थेट हातपंपापर्यंत जाईल. म्हणून पुढचं दार सोडून द्या. चिंचेकडच्या दाराला एकच पायरी आणि उंबरा आहे, मिळून सात इंच. तिथे सात फुटांची जाड फळी बसते. सुताराला सांगितलंय, दोन्ही कडांना पट्टी ठोकायलाही सांगितलंय, चाक घसरू नये म्हणून. म्हणजे उचलायचा प्रश्नच मिटला, नुसतं ढकलायचं. चढताना तोंड पुढे, उतरताना खुर्ची उलटी करून मागे-मागे. आई, हे पोरांना दोनदा सांग. आणि बसताना-उठताना आधी दोन्ही ब्रेक. बाबा, दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड जरा उचलायचं. उपदेश लांबला तर तेवढाच उद्योग.

आता पेटीचं. भजनी मंडळ सतरंजीवर बसतं, तुम्हाला मांडी घालता येत नाही, आणि खुर्चीवर बसून पेटी वाजवणं तुम्हाला पटत नाही. कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी उपासना बाकांवरून सतरंजीवर आणली आणि मी परत खुर्चीवर बसू का, असं तुम्ही दादाला म्हणालात म्हणे. बाबा, रेव्ह. टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला तेव्हा आपल्या लोकांना बहुतेक गोऱ्या साहेबांच्या चालीवर बेतलेली गाणी म्हणावी लागायची. त्यांनी अभंग आणि ओवी दिली, म्हणून तुमच्या आजोबांना देवाशी आपल्या बोलीत बोलता आलं. सतरंजी हा मुद्दा नव्हताच. अभंग गुडघ्यात नसतो. वेदीजवळचं लहान टेबल पाळकसाहेब काढून देणार आहेत, त्यावर पेटी ठेवायची. दुखऱ्या बाजूला भार न देता भाता ओढता येतो का, ते आधी घरी बघा.

आणि म्हणायचं काय, तेही सुचवते. स्तोत्र १३६. लहानपणी "त्याची दया सनातन आहे" किती वेळा येतं ते तुम्ही आम्हाला चिंचोक्यांनी मोजायला लावायचात. दादाचे नेहमी २६ भरायचे, माझे कधी २४, कधी २७, आणि गूळ मात्र दोघांना सारखाच मिळायचा. आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, मोठमोठे राजे असं सगळं सांगून ते स्तोत्र शेवटी कुठे येतं? तो सर्व प्राण्यांना अन्न देतो, इथे. हंगामाच्या सणाला याहून जवळचं काय असणार?

लेवीयच्या सातव्या अध्यायातही असंच आहे. उपकारस्तुतीच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. एवढं एका घराने संपणार थोडंच? म्हणजे शेजारीपाजारी बोलवावेच लागत असणार. उपकारस्तुती एकट्याने घरात बसून करायची सोयच देवाने ठेवली नाही, बाबा. तुम्ही रोज पहाटे प्रार्थना करता, मला माहीत आहे, ती कमी आहे असं मी म्हणत नाही.

मी स्वतः येणार नाहीये, हे आता सांगते. रजा मिळाली असती. पण दोन नवीन मुली लागल्या आहेत, त्यांना रात्रपाळीत एकट्या टाकवत नाही, आणि ख्रिसमसला चार दिवस हवे असतील तर आत्ता गप्प बसावं लागतं. शिवाय, खरं सांगू? मी समोर असले तर तुम्ही मला दाखवायला चालायला जाल आणि पडाल.

आई, तुझ्यासाठी. न्हाणीतली ती गोणपाटाची पायपुसणी आजच काढून टाक, धरायला दोरी लाव किंवा नको लावूस, पण ती पायपुसणी काढ. रात्रीचा दिवा चालू ठेव, विजेच्या बिलाचं मी बघते. सणाच्या पंगतीत जिलेबी एकच, अर्धी मोडून बाजूला ठेवलेली दुसरी धरून एकच. आणि उपासनेच्या वेळी सारखी मागे वळून बाबांकडे बघत बसू नकोस, ते संकोचतात.

बाबा, सणाला लोकांनी आणलेल्या जिनसांचा लिलाव या वर्षी दुसरं कुणी पुकारणार आहे, पण बोली लावायला तुम्ही आहातच. आईने नेलेला भोपळा या वेळी तरी परत विकत आणू नका, त्या साली महिनाभर भोपळ्याची भाजी खाल्ली आम्ही. त्यापेक्षा माझ्या नावाने एक लिंबू घ्या. पाचशेच्या वर जाऊ नका. पैसे दादाकडून घ्या, मी त्याला देईन, आणि या वेळी "राहू दे" म्हणायचं नाही.

तुमची,
बेबी