नव्या गाड्यांचा चुराडा झाला, तेच योग्य झालं

संपादक महोदय, स. न.

समुद्रप्रवासात नुकसान झालेल्या नव्या गाड्यांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘कुगर एस’ जहाजावरच्या ४,७०३ माझदा गाड्या कंपनीने भंगारात काढल्या, याबद्दल लेखकांनी फार हळहळ व्यक्त केली आहे. धडधाकट दिसणाऱ्या गाड्या मोडण्यापेक्षा आपल्यासारख्या देशांत स्वस्तात विकल्या असत्या तर कितीतरी घरांत गाडी आली असती, असं त्यांचं म्हणणं. लेख मेहनतीने लिहिला आहे, त्याबद्दल आभार. पण हे एक वाक्य वाचून माझा संताप झाला आणि तो आज सकाळपर्यंत उतरलेला नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, त्या गाड्या अमेरिका-कॅनडासाठी बनवलेल्या, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आपल्या आयातीच्या नियमात त्या बसल्याच नसत्या. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. जुलै २००६ मध्ये ते जहाज अलास्काजवळ बॅलास्टचं, म्हणजे तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेलं, पाणी बदलताना कलंडलं आणि जवळजवळ ६० अंशांत आडवं होऊन कित्येक आठवडे तसंच राहिलं. पट्ट्यांनी बांधलेल्या बहुतेक गाड्या जागच्या हलल्या नाहीत, हे खरं. पण इतके दिवस आडवी राहिलेली गाडी आतून कशी असेल? बॅटरीतलं ॲसिड कुठे गेलं, इंजिनातलं तेल कुठे उतरलं, एअरबॅग ऐनवेळी उघडेल का, हे एकेका गाडीबद्दल छातीठोकपणे कोण सांगणार? कंपनीला ते सांगता येईना, म्हणून तिने विकायचं नाही असं ठरवलं. पोर्टलंडच्या बंदरात प्रत्येक गाडीच्या एअरबॅग फोडल्या, तेलं काढून घेतली, चाकं आणि रेडिओसुद्धा निकामी केले, म्हणजे एकही सुटा भाग नवा म्हणून बाजारात फिरायला नको. मग गाडी यंत्रात घालून तिचे तुकडे केले. लेखकांना हा माज वाटला. मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

खाऱ्या पाण्याचं नुकसान तर लगेच दिसतही नाही. २०१२ साली सँडी वादळात न्यू जर्सीच्या बंदरात समुद्राचं पाणी शिरलं, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या १६ फिस्कर कर्मा गाड्या जळून गेल्या. पाणी ओसरल्यावर एका नियंत्रण पेटीत राहिलेल्या मिठाने गंज धरला आणि शॉर्टसर्किट झालं, असं कंपनीच्या तपासात निघालं. अशी गाडी धुऊनपुसून कुणी स्वस्तात दारात आणून उभी केली, तर घ्यायची का?

आता मला एवढा राग का आला, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेतली. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशातली मोठी रक्कम त्यात घातली होती. ती गाडी बोटीने आलेली नव्हती, कारखान्यातून ट्रेलरवर आली. शोरूममध्ये लाल फीत, नारळ, पेढे, फोटो, सगळं झालं. पुढच्या पावसाळ्यात मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगवटा आला. डीलरकडे जाण्याआधी मुलाने गाडी आमच्या भागातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी दार उघडलं, रबराची बीडिंग बोटाने ओढून मागे केली आणि मला जवळ बोलावलं. बीडिंगच्या आतल्या बाजूला रंगाचे बारीक शिंतोडे होते. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग कोपऱ्यांवर उडालेला, पान्याचे वळ स्पष्ट. मग त्यांनी खिशातला छोटा लोहचुंबक काढून दारावर टेकवला. वरच्या भागात घट्ट चिकटला, खाली सोडला तर घरंगळून पडला, कारण तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर होता. मिस्त्रींनी विचारलं, “मावशी, ॲक्सिडेंटची गाडी घेतलीत का?”

नवी कोरी गाडी, एका पैशाची सूट न घेता घेतलेली.

डीलरकडे गेलो. “काकू, आमच्याकडे कंपनीतून आली तशी आम्ही दिली,” असं तिथले मॅनेजर म्हणाले. कंपनीच्या ग्राहकसेवेला लिहिलं तर डीलरशी संपर्क साधा, असं उत्तर. ट्रेलरवाल्याचं नाव कुणी सांगायला तयार नाही. शेवटी सीट कव्हर आणि मोफत सर्व्हिसिंग देतो, विषय संपवा, असा निरोप आला. आम्ही नाही म्हटलं आणि ग्राहक आयोगात गेलो. तारखा चालू आहेत. गाडीबरोबर मिळालेली फाइल मी पुन:पुन्हा चाळली आहे. विम्याचा कागद आहे, वॉरंटीचं पुस्तक आहे, पावत्या आहेत. विक्रीपूर्वी दुरुस्ती झाली होती, अशी एक ओळ त्यात कुठेही नाही. ती ओळ असती आणि किंमत त्याप्रमाणे कमी असती, तर कदाचित आम्ही तीच गाडी घेतलीही असती. आमचं दुखणं दाराचं नाही, आमच्यापासून लपवलं याचं आहे.

नेमकी अशीच गोष्ट अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, आणि तिचा उल्लेख कालच्या लेखात असायला हवा होता. अलाबामातल्या एका डॉक्टरांनी १९९० मध्ये सुमारे ४०,७५० डॉलरला नवी काळी बीएमडब्ल्यू घेतली. काही महिन्यांनी गाडीला चकाकी आणण्यासाठी ती एका कारागिराकडे दिली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रंग पुन्हा मारलेला आहे. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लयुक्त पावसाने, रंग खराब झाला होता आणि अमेरिकेत पोचल्यावर तो नव्याने दिला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर ग्राहकाला किंवा डीलरलाही सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. ज्युरीने ४,००० डॉलर भरपाई आणि ४० लाख डॉलर दंड ठोठावला. राज्याच्या न्यायालयाने दंड निम्मा केला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला. रक्कम उतरली, पण ज्युरीच्या निकालानंतर कंपनीने धोरण बदललं आणि दुरुस्ती कितीही किरकोळ असली तरी ती उघड करायचं ठरवलं. मला त्या डॉक्टरांच्या पैशांपेक्षा हा बदल मोलाचा वाटतो.

आपल्याकडे काय? २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात, नवी सांगून जुन्या वर्षाची गाडी दिल्याच्या तक्रारीवर, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डीलरची जबाबदारी कायम ठेवली, पण कंपनीला ते माहीत होतं असं दिसत नसल्याने तिला मोकळं केलं. निकालाचा आदर आहे. पण कंपनीला माहीत होतं हे माझ्यासारखीने सिद्ध कसं करायचं? कारखाना ते शोरूम या वाटेवर काय काय झालं, त्याचे कागद त्यांच्याकडे आणि दुरुस्त केलेलं दार आमच्याकडे.

म्हणून माझी मागणी आहे की नव्या गाडीच्या बिलावर, चेसीस नंबरच्या खाली, विक्रीपूर्वी झालेल्या दुरुस्तीचा रकाना कायद्याने सक्तीचा करावा. काही नसेल तर ‘नाही’ असं लिहून सही करावी. बोटीने आलेली असो, ट्रेलरने असो की रेल्वेने. परिवहन खात्याला हे अवघड नाही. नुकसान झालेल्या गाड्या आयटीआयला शिकायला द्याव्यात ही लेखकांची सूचना मात्र चांगली आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त चेसीस नंबर आधी रद्द व्हायला हवा, म्हणजे ती गाडी पुन्हा कधी रस्त्यावर यायची नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पत्र संपवता येत नाही. लेखात २०२३ च्या ‘फ्रीमँटल हायवे’ या गाड्या वाहणाऱ्या जहाजावरच्या आगीचा मोठा परिच्छेद आहे. ३,७८३ गाड्या, त्यांतल्या ४९८ इलेक्ट्रिक, कोणत्या कंपनीच्या किती, खालच्या डेकवरच्या सुमारे हजार गाड्या कशा शाबूत निघाल्या, सगळं आहे. त्या आगीत मरण पावलेला खलाशी भारतीय होता, हे मात्र कुठेही नाही. जहाजावरचे बहुतेक जण आपल्या देशातले होते. नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ रात्री आग भडकली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना जीव वाचवायला जहाजाच्या उंच डेकवरून समुद्रात उड्या माराव्या लागल्या. २०१२ मध्ये उत्तर समुद्रात ‘बाल्टिक एस’ हे असंच जहाज बुडालं, त्यात ११ जण गेले. लेखात मात्र फक्त त्यावरच्या मित्सुबिशी गाड्या आहेत. ‘कुगर एस’ वाचवायला गेलेल्या पथकातला एक अभियंता त्या कललेल्या डेकवरून पडून मेला, त्याचाही उल्लेख नाही. आमच्याच इमारतीतला एक मुलगा मर्चंट नेव्हीत गाड्यांच्या जहाजावर आहे. त्याच्या आईनेही तुमचा लेख वाचला. गाड्यांची किंमत डॉलरमध्ये आणि रुपयांत, दोन्ही छापलीत. गेलेल्या माणसांसाठी चार ओळींची जागा सहज निघाली असती. पुढच्या रविवारी ती चूक दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)