चित्रा पाण्यावरून उठली

सांगली
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

उडाली रे आपली चित्रा, कॅटालिना विमानाचं माझं रिमोटवरचं मॉडेल! आज सकाळी आठच्या आत, आपल्या पाझर तलावाच्या पाण्यावरून स्वतःच्या ताकदीनं सुटली, चार मिनिटं वर राहिली आणि परत पाण्यावर येऊन बसली. व्हिडिओ तुला पाठवलाय पण त्यात काय कळणार, मोबाईल धरणाऱ्या पोराचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता आणि अर्धा वेळ नुसतं आभाळच दिसतंय. व्हॉइस नोटमध्ये मावणारी गोष्ट नाही ही, म्हणून बसलोय लिहायला. आणि हे सगळं सुरू झालं तेच मुळात तुझ्या फोटोवरून.

आठवतंय का, मागच्या वर्षी तू पर्थच्या स्वान नदीचा फोटो टाकला होतास, क्रॉलीचा काठ, संध्याकाळचं ऊन, खाली लिहिलेलं की ऑफिस सुटल्यावर रोज इथं चालायला येतो. मी तो फोटो किती वेळ बघत बसलो होतो तुला सांगत नाही. अरे त्याच काठावरून, क्रॉली-नेडलंड्सच्या त्या पाण्यावरून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅटालिना विमानं उठायची, पाण्यावरूनच उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचा हवाई रस्ताच तुटला, तेव्हा १९४३ च्या मध्यापासून क्वांटास या ऑस्ट्रेलियाच्या विमान कंपनीनं पर्थहून थेट श्रीलंकेतल्या कोग्गला तलावापर्यंत ही विमानं न्यायला सुरुवात केली. साडेपाच हजार किलोमीटर, मध्ये कुठं उतरायचं नाही, रेडिओ बंद, रात्री ताऱ्यांवरून दिशा काढायची. २७ ते ३३ तास लागायचे! आत बसलेल्यांना एकाच प्रवासात दोन सूर्योदय दिसायचे, म्हणून त्या फेऱ्यांचं नावच डबल सनराइज पडलं. पेट्रोलचंच वजन इतकं की प्रवासी जास्तीत जास्त ३ आणि टपाल ७० किलोच्या आत. १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या.

पाच विमानं होती आणि पाचांना ताऱ्यांची नावं. व्हेगा, अल्टेअर, रायजेल, अँटारेस, स्पायका. आपल्या भाषेत बघ, अभिजित, श्रवण, राजन्य, ज्येष्ठा, चित्रा. हे मला एका रात्री गच्चीवर पडल्यापडल्या लक्षात आलं आणि तिथंच ठरलं की बांधायची तर चित्रा बांधायची. युद्ध संपल्यावर लेंड-लीजच्या, म्हणजे अमेरिकेकडून युद्धासाठी उसनं घेण्याच्या, करारापायी ती विमानं परत न करता समुद्रात नेऊन बुडवली, त्यातली काही तर तू पोरांना घेऊन गेला होतास त्या रॉटनेस्ट बेटाजवळच. वाचल्यावर दोन दिवस मन लागेना माझं.

आता कामाचं सांगतो. स्केल, म्हणजे खऱ्याच्या कितव्या भागाएवढी करायची ते, ठरवण्यात महिना गेला पण तो महिना वाया गेला नाही. खऱ्या कॅटालिनाचा पंख १०४ फूट, म्हणजे ३१.७ मीटर. १६ नं भागलं की १ मीटर ९८ सेंटीमीटर, दोन तुकड्यात केला तर आपल्या गाडीत मागं बसतो. पण १६ घेण्याचं खरं कारण वेगळं. पाण्यावरच्या वस्तूचं मॉडेल करताना वेग लांबीच्या वर्गमूळानं कमी करायचा असतो, तेव्हाच लाटा आणि तुषार खऱ्यासारखे दिसतात. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे खरं विमान ताशी २०० किलोमीटरनं जायचं तर आपलं ५० नं जायला पाहिजे, डोक्यात हिशोब करता येतो. आणि वजन घनानं कमी होतं, १६ चा घन ४०९६. खऱ्याचं भरलेलं वजन साधारण १६ टन, भाग दे, ३.९ किलो! पंखाचं क्षेत्रफळही जवळजवळ ५१ चौरस डेसिमीटर येतं, तेवढ्या वजनाला पुरेसं. आणि प्रोपेलर खऱ्याचा १२ फुटी, १६ नं भागला की बरोबर ९ इंच, म्हणजे दुकानात मिळणारा. असं सगळं एका आकड्यावर जुळून आलं तेव्हा मी वही मिटून सरळ प्लॉटरवाल्याकडे ड्रॉइंग काढायला गेलो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पंख अवघड. पंख सोपा रे, फोमचे कोअर गरम तारेनं कापले, आत कार्बनची नळी, वर बाल्साच्या हलक्या लाकडाची कातडी, आठवड्याभरात झाला. फक्त प्रोफाइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, खऱ्याची घेतली नाही, इतक्या लहान पंखाला इतक्या कमी वेगात ती नीट चालत नाही, म्हणून क्लार्क वाय नावाची घेतली. अवघड आहे ते खालचं, हल, म्हणजे होडीसारखं पोट. आधी ती होडी आहे आणि मग विमान, हे मी तोंडानं आधीपासून म्हणत होतो पण हाताला कळायला वेळ लागला. ३ मिलिमीटर प्लायची कील, म्हणजे तळाचा कणा, त्यावर १४ फॉर्मर, म्हणजे आडव्या चौकटी, आणि त्यावर बाल्साच्या अरुंद पट्ट्या ओल्या करून वाकवून एकेक चिकटवायच्या, रात्री जेवण झाल्यावर रोज दोन-तीन पट्ट्या. वर ४९ ग्रॅमचं काचेचं कापड आणि एपॉक्सी. तुझी वहिनी म्हणाली घरात सुताराचा आणि पेंटरचा वास एकदम येतोय. आईला मात्र आवडायचं, ती संध्याकाळी खुर्ची आणून शेजारी बसायची आणि पट्ट्या पुसून द्यायची.

तर हलच्या तळाला मधोमध एक पायरी असते, स्टेप म्हणतात. जेमतेम १ सेंटीमीटर उंचीची, सीजीच्या, म्हणजे गुरुत्वमध्याच्या, थोडी मागं, माझ्यात साडेतीन सेंटीमीटर मागं आहे. तिचं काम असं की वेग वाढला की होडीचा पुढचा तळ पाण्यावर चढून घसरायला लागतो, आणि पायरीपाशी पाणी तळाला सोडून देतं, मग मागचा भाग कोरडा राहतो, ओढ कमी होते, आणि तेव्हाच विमान उठू शकतं. पायरी नसेल तर पाणी शेपटापर्यंत तळाला चिकटून राहतं आणि विमानाला सोडतच नाही.

आणि मी काय केलं, ती पायरी सुंदर केली. प्रायमरच्या आधी सगळा हल घासला तेव्हा तिची किनारही छान हातानं फिरवून गोल केली, वरून दोन हात प्रायमर, तीन हात रंग. आरशासारखी दिसत होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तलावावर गेलो, दोन्ही मोटर वॉटमीटरवर तपासलेल्या, एकेकी ३७० वॉट, म्हणजे प्रत्यक्षात ३.३ किलो भरलेल्या विमानाला ताकद भरपूर. थ्रॉटल दिला, पळायला लागली, नाक वर, मागं पांढरी शेपटी, आणि बस, तिथंच अडकली. सगळं तळं पार करून गेली पण उठेना. जणू कोणीतरी खालून शेपूट धरून ठेवलंय. आठ वेळा प्रयत्न केला. पुढच्या रविवारी बॅटरी पुढं सरकवून, मागं सरकवून, एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, जास्त देऊन, सगळं करून बघितलं. काठावर गावातली पोरं बसलेली असायची, एक शब्द बोलायची नाहीत, त्यांनाही वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं.

उत्तर मिळालं आमच्या स्वयंपाकघरात. आई पातेल्यातून कपात दूध ओतत होती, त्या जुन्या जाड गोल काठाच्या पातेल्यातून, आणि दूध कपात पडायच्या ऐवजी काठावरून वळून पातेल्याच्या पोटावरनं ओघळत ओट्यावर गेलं. आई म्हणाली, ह्याला चोच नाही ना, म्हणून धार तुटत नाही. मी तसाच उभा राहिलो. धार तुटत नाही! अरे हेच तर, माझ्या पायरीची किनार गोल, म्हणून पाणी तिथं तुटत नाही, वळून मागच्या तळाला चिकटतं आणि शेपूट खाली ओढतं. तुला खोटं वाटेल, मी त्याच रात्री ते पातेलं आणि एक धारदार काठाचं स्टीलचं भांडं घेऊन मोरीत पाणी ओतत बसलो होतो, तिरकं करून, हळू, जोरात. हळू ओतलं की गोल काठ हमखास पाणी चिकटवून घेतो आणि धारदार काठ सोडतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या सर्किट बोर्डची पट्टी कापली, तो फायबरचा असतो ना, त्याला कडक धार राहते. पायरीच्या कडेनं एपॉक्सीनं अशी बसवली की मिलिमीटरभर मागं येईल. दोन्ही बाजूंच्या कडांनाही, चाइन म्हणतात त्यांनाही, तसंच केलं, त्यामुळं तुषारही आता प्रोपेलरवर न जाता बाजूला खाली फेकले जातात. बोट फिरवलं तर नखाला लागते अशी धार आहे. रंगाचा एक हात खराब झाला, राहू दे.

मध्ये एक अपघात पण झाला तो सांगून टाकतो. पट्टी बसवून परत गेलो, पळाली, या वेळी खरोखर स्टेपवर चढली, आवाजच बदलला तिचा, पण आडवा वारा आला आणि डावा फ्लोट, म्हणजे पंखाखालची आधाराची छोटी होडी, पाण्यात घुसला. गर्रकन फिरली, पंखाचं टोक खाली, मोटर पाण्यात. एक पोरगा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तिला घेऊन आला, इतक्या जपून, जशी पाटावरची गौर आणावी तशी. हॅच, म्हणजे वरच्या झाकणाची जागा, कोरडा होता, कारण त्याला फोमची टेप आणि व्हॅसलिन लावलं होतं. मोटर पंख्याखाली सुकवल्या. चूक फ्लोटच्या कोनात होती, मी ते कीलला समांतर बसवले होते, त्यामुळं नाक जरा खाली गेलं की फ्लोट फाळासारखा पाण्यात शिरायचा. आता त्यांचं नाक ३ अंश वर आहे, बुडायला लागले की आपोआप वर येतात. खऱ्या कॅटालिनाचे फ्लोट उडाल्यावर वर दुमडून पंखाचं टोक होतात, किती देखणी कल्पना! ते माझं राहिलंय, पावसाळ्यात करणार.

आणि मग आजची सकाळ. वारा अजिबात नाही, पाण्यावर धुकं, त्या धुक्यात ती उभी, मागं उसाचं रान. पाण्यात वळवायला रडर पुरत नाही, खऱ्या विमानातही पायलट एक इंजिन जास्त एक कमी करूनच वळवायचे, तसंच मिक्सिंग ट्रान्समीटरमध्ये टाकलंय, त्यानं हळूहळू तळ्याच्या टोकाला नेली. एलिव्हेटर पूर्ण मागं. थ्रॉटल सावकाश. मोटरी इतक्या उंचावर आहेत की एकदम थ्रॉटल दिला तर नाक पाण्यात दाबलं जातं, म्हणून सावकाश. नाक वर आलं, मग ती चढली, मग मी काडी मधे सोडली आणि बघ, पाण्याचा नुसता सर्र असा बारीक आवाज राहिला, आणि एका क्षणी तोही थांबला. तिच्या खालून पाण्याचे थेंब पडत होते, उन्हात एकेक दिसत होता. पोरं ओरडली. माझ्या तोंडातून काहीच निघालं नाही.

वर फार शांत उडते. अर्ध्या थ्रॉटलला मोठी वळणं, घाई नाही तिला. उतरवताना पायरी आधी टेकली, एक उडी घेतली, मग बसली. ट्यूबवाला पोरगा पळत पाण्यात गेला, त्याला म्हणलं नको, ती स्वतः येईल, आणि आली, सावकाश, काठापर्यंत. पोरांनी विचारलं हिचं नाव काय, सांगितलं चित्रा, मग एकानं विचारलं हस्तानंतर येते ती का. शेतकऱ्याचं पोरगं ते, त्याला बरोबर माहिती.

तुला आठवतं, आपण आयर्विन पुलाखाली थर्माकोलच्या होड्या सोडायचो आणि तुझी नेहमी पुढं जायची? आज तू पाहिजे होतास. सुट्टीचं बघ, पण एप्रिल-मेमध्ये येऊन उपयोग नाही, तळं आटतं, फेब्रुवारी संपायच्या आत नाहीतर सरळ दिवाळीत ये. आल्यावर ट्रान्समीटर तुझ्या हातात देणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

आणि एक काम. येताना ९ इंची ३ पात्यांचे प्रोपेलर आण, एक उजवा एक डावा, अशा दोन जोड्या. खऱ्याचे दोन्ही एकाच दिशेनं फिरायचे, पण आपली उठताना डावीकडे ओढते ते त्यानं जाईल. डावा इकडे मिळेना. कपड्यांच्या मधे गुंडाळून आण, पाती वाकायला नकोत.

काकूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
नंदू