पहिल्यांदा ख्रिसमस ट्री सजवताय? आधी लायटी घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की पेपरात मोठमोठ्या हॉटेलांतल्या ट्रीचे फोटो येतात, बघायला छानच वाटतात, पण ज्यांना घरी पहिल्यांदाच ट्री लावायचाय त्यांना त्यातून काही कळत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही फोंड्याकडचे, घरात चवथ, दिवाळी, शिगमो सगळं होतं, आणि गेली तीन वर्षं हॉलमध्ये ट्रीसुद्धा असतो कारण नातीने शाळेतून येऊन विचारलं, आजी आपल्याकडे का नाही? शेजारच्या आंटीकडून दर नाताळाला कुस्वादचं म्हणजे गोडधोडाचं ताट येतं, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, आणि दिवाळीला आमच्याकडून पोहे जातात, त्यामुळे हा सण आम्हाला परका कधी वाटलाच नाही.

पहिल्या वर्षी मी बाजारातल्या एका दुकानातून चार फुटी प्लास्टिकचा ट्री आणि लायटीची माळ आणली, आधी गोळे, घंटा, तारे सगळं टांगलं आणि मग वरून माळ गुंडाळली, बटण दाबलं तर अर्धीच माळ पेटली. सगळं परत उतरवलं, त्यात काचेचे दोन गोळे फुटले आणि पोर रडायला लागली. आंटी आवाज ऐकून आली आणि एवढंच म्हणाली, "पयलीं लायटी घाल बाय, मागीर बाकीचें." नव्या माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

माळ आणली की आधी जमिनीवर पसरून पेटवून बघा, दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. प्लगचं टोक खाली ठेवून बुंध्यापासून सुरुवात करा. बहुतेकजण साडी नेसवल्यासारखी बाहेरून गोल गोल गुंडाळतात, तसं नको, फांदीच्या आतून बुंध्यापाशी न्या, मग शेंड्यापर्यंत आणा, परत आत, असं एकेका फांदीला करत वर जा. त्याने ट्री आतून उजळतो आणि वायरही दिसत नाही. चार फुटी ट्रीला शंभर दिव्यांच्या दोन माळा आम्हाला पुरतात. सगळं झालं की हॉलची लाइट बंद करून डोळे थोडे बारीक करून लांबून बघा, कुठे काळोख राहिलाय ते लगेच कळतं. विजेच्या लायटीचा पहिला ट्री १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या एका सहकाऱ्याने आपल्या घरात लावला, ८० दिवे होते म्हणे, त्याच्या आधी लोक खऱ्या मेणबत्त्या लावायचे, विचार करा किती धोका! आताच्या एलईडी फारशा तापत नाहीत पण जुन्या बारीक बल्बांच्या माळा तापतात, त्यांना बर्फ म्हणून लावलेला कापूस टेकू देऊ नका आणि झोपताना प्लग काढाच.

लायटीनंतर झिरमिळ्या आणि मग गोळे. हे मला माटोळीवरून, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीवरून, पटकन समजलं. चवथीला माटोळी बांधताना नारळांचा घोस, केळ्यांचा घड, चिबूड असं जड आधी भक्कम लाकडाला बांधतो आणि मग कांगलां, आंबाडे अशी छोटी फळं आणि फुलं मधल्या फटीत अडकवतो, इथेही तेच, मोठे गोळे बुंध्याजवळ आणि खालच्या फांद्यांना, लहान वर आणि टोकाला. एका रांगेत लावू नका, वेडेवाकडे लावले की डोळ्याला जास्त बरं वाटतं. रंग दोन किंवा तीनच घ्या. सगळं विकत घ्यायचीही गरज नाही, आमच्या ट्रीवर आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदाचे तारे आहेत, दोऱ्यात ओवलेले शिंपले आहेत, लोकर गुंडाळलेल्या जुन्या बांगड्या आहेत, आणि करवंटीची एक छोटी घंटा आहे जी नातीने स्वतः पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, तीन संध्याकाळी लागल्या, ती ट्रीच्या मधोमध समोर असते आणि पाहुण्यांना आधी तीच दाखवतात.

आता झाडाबद्दल थोडं कळकळीने लिहिते. आपल्याकडे पूर्वीपासून सुरूची फांदी आणून ट्री करायची पद्धत आहे, दिसतोही सुंदर, पण त्यासाठी किनाऱ्यावरची कोवळी झाडं तोडू नका हो. ती झाडं तिथे वारा आणि वाळू अडवायला लावलेली असतात, आणि गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. स्वतःच्या बागेतली छाटलेली फांदी असेल तर ओल्या वाळूच्या बादलीत घट्ट रोवा, रोज पाणी घाला, आणि कागदाचंच काहीतरी हलकं लावा कारण सुरूची फांदी वजनाने लगेच वाकते. त्यापेक्षा नर्सरीत कुंडीतलं अरोकेरिया मिळतं, पॅसिफिकमधल्या बेटांवरचं झाड, त्याच्या फांद्या मजल्यांसारख्या वर वर येतात म्हणून सजवायला सोपं. गेल्या वर्षीपासून आम्ही तेच ठेवतो. शेंडा मऊ असतो, त्यावर जड तारा खोचू नका, बुंध्याला एक बारीक काठी बांधून कागदाचा तारा त्या काठीला लावा. खिडकीजवळ ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात नको.

ट्रीखाली जागा राहिली तर छोटा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करा. खरं तर गोठाच जुना, सेंट फ्रान्सिसने इटलीत १२२३ साली केला होता, ट्री हा जर्मनीकडचा आणि पोर्तुगालमध्ये तो १८४० च्या दशकात राणी मारियाचा जर्मन नवरा फर्नांदो याने नेला, तो व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचा चुलतभाऊच. गोठ्यातल्या गवतासाठी आठ-दहा दिवस आधी पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरायची, पोरांना हे काम द्या, रोज सकाळी उठून किती वाढली ते बघायला धावतात.

६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त झालं की आम्ही उतरवतो. माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायची म्हणजे पुढच्या वर्षी गुंता सोडवत बसावं लागत नाही, काचेचे गोळे जुन्या पेपरात (बहुतेक तुमच्याच!) आणि कुंडी आधी आठवडाभर व्हरांड्यातल्या सावलीत, मग हळूहळू उन्हात, एकदम उन्हात ठेवली की पानं करपतात.

आपली,
एक वाचक, फोंडा