नेकारकाठचा ट्रॅक

श्टुटगार्ट, रविवार

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अगं, श्टुटगार्टच्या त्या स्टेडियममधला धावण्याचा ट्रॅक काढलाच का त्यांनी?" मी घाईत "फुटबॉलसाठी" एवढं बोलून मोकळी झाले. फोन ठेवला आणि मनाला लागून राहिलं. ज्या माणसाने इतकी वर्षं खुंटी, सुतळी आणि फक्की घेऊन शाळेच्या मैदानावर स्वतः ट्रॅक आखला, त्याला हे एका शब्दाचं उत्तर द्यायचं? म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

१९९३ ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली ते हेच स्टेडियम. १९३३ साली उघडलेलं, नेकार नदीजवळ, बाड कानश्टाट भागात. नाव बऱ्याचदा बदललं, पण इथली जुनी माणसं अजून 'नेकारश्टाडिओन'च म्हणतात. २००९ ते २०११ या काळात ट्रॅक काढून ते निव्वळ फुटबॉलचं केलं.

का केलं, ते तुम्हीच शिकवलेल्या गणितात आहे. ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५०. म्हणजे आतल्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत १५७ मीटर. फुटबॉलचं मैदान १०५ चं. उरले ५२, म्हणजे प्रत्येक गोलमागे २६. त्यात १.२२ च्या आठ लेन मिळवा, आणखी जवळजवळ १०. गोलमागच्या स्टँडमध्ये अगदी पहिल्या रांगेत बसलं तरी गोलरेषा ३६ मीटर लांब! बाजूच्या स्टँडला एवढा त्रास नाही. तिथे आतली रुंदी ७३ आणि मैदान ६८, म्हणजे अडीच मीटर आणि लेन, बस्स. खरं दुखणं दोन्ही वळणांवर, आणि फुटबॉलमध्ये सगळ्यात जिवाभावाचे, सगळ्यात जास्त ओरडणारे पाठीराखे नेमके तिथेच उभे असतात.

मग त्यांनी वळणांवरचे स्टँड पाडून गोलच्या मागे सरळ, जवळ नवे बांधले. आधी एक टोक, ते झाल्यावर दुसरं, आणि इथल्या फुटबॉल क्लबचे सामने सगळा वेळ तिथेच चालू. घरात राहून घर पाडून बांधण्यासारखंच ते. मला कामाच्या दृष्टीने सगळ्यात आवडलं ते मैदान खाली नेणं. अख्खं मैदान १.३० मीटर खाली घेतलं. स्टँड पुढे आणला की बघणाऱ्याची नजर जास्त तिरकी खाली जाते, पुढच्याचं डोकं आड येतं, म्हणून पायऱ्या जास्त उभ्या लागतात. पायऱ्यांची उंची वरच्या बाजूने वाढवायला गेलं तर छत आडवं येतं. खाली खोदलं की पुढच्या रांगांना जागा मिळते आणि वरचं वर राहतं. अर्थात गवताखालचा पाण्याचा निचरा, हिवाळ्यात माती गोठू नये म्हणून घातलेले गरम पाण्याचे पाइप, सगळं नव्याने करणं आलं.

आणि छत! ते १९९३ च्या त्या स्पर्धेसाठीच केलेलं. बाबा, सायकलचं चाक आडवं टाकलंय असं समजा. बाहेर पोलादी कडी, आत ताणलेली दोरांची कडी, मधे ताणलेले तारदोर आणि त्यावर पांढरं कापडासारखं आवरण. स्टँड पुढे सरकले तशा पुढच्या रांगा उघड्यावर आल्या, मग तेच छत आतल्या बाजूने वाढवून घेतलं. जुनं मोडून फेकलं नाही, त्यालाच जोड दिली. हे काम मी परत परत मान वर करून बघते.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकीबरोबर गोलमागच्या स्टँडमध्ये खालून चौथ्या रांगेत बसले होते. गोलकीपर बचाव फळीवर ओरडत होता ते शब्द कळत होते. एक चेंडू पोस्टला लागला, त्याचा 'ठण्' असा आवाज आला आणि सगळी रांग एकदम शहारली. ३६ मीटरवरून हे कधीच कळलं नसतं. त्या क्षणी वाटलं, बरोबर केलं यांनी.

५ जुलै २०२४ ची युरो स्पर्धेतली स्पेन-जर्मनी मॅच आठवते ना? तुम्ही तिकडे जागे, मी इकडे, दोघं फोनवर. जादा वेळेत, ११९ व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोने हेडरने गोल मारला आणि पळत जाऊन कॉर्नरच्या झेंड्याभोवती फेरी मारली. तेव्हा आपल्याला कळलं नव्हतं, मागाहून वाचलं: १९९१ साली त्याच्या वडिलांनी ओसासुना या स्पॅनिश क्लबकडून याच स्टेडियममध्ये गोल केला होता आणि अशीच झेंड्याभोवती फेरी मारली होती. वडील धावले तेव्हा झेंड्यापलीकडे ट्रॅक होता. मुलगा धावला तेव्हा पलीकडे माणसंच माणसं, आणि पायाखालची जमीन वडिलांच्या जमिनीपेक्षा सव्वा मीटरहून खाली. मला हे वाचून तुमचीच आठवण झाली.

पण तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. ३० ऑगस्ट १९८६ ला युरी सेदिखने इथे हातोडा ८६.७४ मीटर फेकला. तो विश्वविक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. २२ ऑगस्ट १९९३ ला अमेरिकेच्या चौघांनी इथेच ४ × ४०० रिले २ मिनिटं ५४.२९ सेकंदांत धावली. तोही पुरुषांचा विश्वविक्रम आजपर्यंत टिकून आहे. दोन्ही विक्रमांपुढे गावाचं नाव श्टुटगार्ट लिहिलेलं असतं, आणि त्या जागी आज ना फेकीचं वर्तुळ आहे ना एक लेन. स्टँडमध्ये बसून मी रिलेचं वळण कुठून जात असेल याचा अंदाज घेत होते. बहुतेक माझ्या पायाखालीच.

बर्लिनने वेगळं केलं. २००० ते २००४ मध्ये ऑलिंपिक स्टेडियमची दुरुस्ती केली, मैदान खालीही नेलं, पण ट्रॅक ठेवला, म्हणूनच २००९ साली बोल्ट तिथे ९.५८ सेकंदांत १०० मीटर धावू शकला. म्युनिकने ऑलिंपिक स्टेडियम तसंच राहू दिलं आणि फुटबॉल २००५ मध्ये दुसऱ्या नव्या स्टेडियमला गेलं. इथे शेजारीच फेस्टवीझे नावाचं ॲथलेटिक्सचं मैदान आहे, मुलं सराव करतात, चांगलं आहे. पण हजारो लोक बसून रिलेची शेवटची फेरी बघतील असं ते नाही. माझं मत विचाराल तर ट्रॅक काढण्यात चूक नव्हती. त्याआधी धावणाऱ्यांसाठी मोठे स्टँड असलेली जागा उभी करायला हवी होती, ते राहून गेलं. फुटबॉलवाल्यांना घर मिळालं, धावणाऱ्यांना अंगण.

वरचे आकडे एकदा तुमच्या वहीशी ताडून बघा. ४०० मीटरच्या सुरुवातीला दुसऱ्या लेनला पुढे द्यायचे ७.०४ मीटर मला अजून तोंडपाठ आहेत, पण गोलमागचं अंतर काढताना वळणाचा मध्यबिंदू मी बरोबर धरला आहे ना, ते कळवा. आईला सांगा, तिचं पत्र मिळालं, तिला वेगळं लिहिते.

तुमची,
मुक्ता