आगळाची चौकशी मनावर घेणाऱ्यांचे आभार

कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, विकायचं ठरवलं आणि फेसबुकवर विचारत सुटले: बाटली केवढी घ्याल? मीठ जास्त वाटतं का? ओळख ना पाळख, तरी तुम्ही भरभरून लिहिलंत. एका काकूंनी तर फ्रीजमधल्या बाटलीचा फोटोच पाठवला, झाकणाशी मीठ साचलेलं. म्हणून आता रुंद तोंडाची बाटली. कुणी रात्री उशिरा समजावलं की लेबलवर एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक हवाच. शिवाय ‘हे अमृत कोकम नव्हे, यात साखर नाही’ असं ठळक छापा, नाहीतर लोक सरबत समजून पितात! नुसतं ‘छान, शुभेच्छा’ म्हणणारे पुष्कळ, तुम्ही ‘एवढ्याला घेणार नाही’ हेही तोंडावर सांगितलंत. त्याचे जास्त आभार. भाव उतरवलाय.