पिवळ्या रेघा मारणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवील आणि निम्म्यातच तुम्ही "बास की आता" म्हणून त्याला गप्प कराल, हे धरूनच लिहिते आहे. त्याला बजावलंय, शेवटापर्यंत वाचल्याशिवाय थांबायचं नाही. तोंडावर आभार मानायला आले तर तुम्ही पाना घेऊन एका जीपखाली शिरलात. म्हणून आता चारचौघांत मानते.

गाडी परत आली, अण्णा. शर्यत संपल्यावर ती स्वतःच्या इंजिनावर ट्रेलरवर चढली. तुम्हाला एवढं पुरे. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी मागचं थोडं सांगावं लागेल.

अमेरिकेत २००६ पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाच्या शर्यती होतात. 'लेमन' म्हणजे तिकडच्या बोलीत कुचकामी गाडी. फ्रान्समधल्या ल माँच्या, १९२३ पासून चालत आलेल्या चोवीस तासांच्या शर्यतीची ती उघड टिंगल आहे. गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी, हा मूळ नियम. केज (गाडी उलटली तर आतला माणूस वाचवणारा लोखंडी सांगाडा), ब्रेक, सीट, टायर असा जिवाशी संबंध असलेला खर्च त्यात मोजत नाहीत. तिथं लोक जुन्या जॅग्वार आणि बीएमडब्ल्यू घेऊन उतरतात, कारण श्रीमंतांची गाडी म्हातारी झाली की विकत घ्यायला कुणालाही परवडते, फक्त सांभाळायला परवडत नाही. आपल्याकडच्या काही हौशी मंडळींनी त्याच धर्तीवर सहा तासांची शर्यत ठरवली, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर. सोलापुरातून आम्ही चौघं निघालो: मी, माझा भाऊ, टॉवेलचा कारखाना चालवणारा त्याचा मित्र आणि सीएचा अभ्यास सोडून आलेली माझी भाची.

गाडी होती १९८१ ची मर्सिडीज २४० डी. जाणकार तिला डब्ल्यू १२३ म्हणतात. एका साखरवाल्यांच्या बंगल्यामागे चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी होती, आत कोंबड्या बसायच्या. भंगारवाल्यानं लावलेल्या भावावर थोडे चढवून आम्ही ती उचलली. ७२ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आणि १४०० किलोच्या आसपास वजन. तिला घेऊन शर्यतीत उतरायचं म्हटल्यावर घरचे जे बोलले ते इथं लिहीत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तिला पुण्याला नेलं होतं. वर्कशॉपचं नाव घेत नाही, पण काचेची केबिन होती, कॉफीचं मशीन होतं, भिंतीवर जुन्या मर्सिडीजचे मोठमोठे फोटो होते. गाडीचं दुखणं एकच. किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन बंदच व्हायचं नाही. त्यांनी आधी किल्लीचा स्विच बदलला, मग बॅटरी बदलली, मग वायरिंग उघडलं आणि शेवटी "पार्ट जर्मनीहून येईल" म्हणून गाडीच्या किमतीपेक्षा मोठं एस्टिमेट हातात ठेवलं. कोणता पार्ट, हे विचारलं तर उत्तर माझ्या भावाकडे बघून. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्यानं ऐकायचं. गाडी माझ्या नावावर आहे, पहिल्या पाळीला चालवणार मी आहे, हे दोनदा सांगूनही मान तिकडंच वळायची. एखाद्याला एखादी गोष्ट येत नसेल तर माझी काही तक्रार नाही. पण येत नसताना महिनोन्महिने गाडी अडवून ठेवायची आणि वर आपल्यालाच अडाणी ठरवायचं, हे मी अजून विसरलेले नाही.

आणि मग अक्कलकोट रोडला तुमची शेड. वर पत्रा, शेजारी यंत्रमागांची खडखड, समोर नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, बॉनेट उघडलंत, वाकून पाहिलंत आणि हसलात. "ओ अक्का, हे तर ट्रॅक्सचं इंजिन हाय की!"

भावाला वाटलं, म्हातारा काहीतरी ठोकून देतोय. पण खरंच की. मर्सिडीजचं हे ओएम ६१६ इंजिन ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोनं परवाना घेऊन आपल्याकडं बनवायला घेतलं आणि ते ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर करणाऱ्या वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, गाड्यांत तुम्ही जन्मभर ज्याच्या नोझल काढल्या, टॅपेट लावले, इंजिनाचं वरचं हेड उतरवलं, त्याच कुळातलं हे. जर्मनीहून यायचं होतं त्यातलं बरंचसं तुमच्या फळीवर धूळ खात पडलेलं होतं.

बंद न होण्याचं कारण तुम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच ओळखलंत. या गाडीत डिझेल इंजिन विजेनं बंद होत नाही, व्हॅक्यूमनं होतं. इंजिनावरचा पंप व्हॅक्यूम तयार करतो, किल्ली फिरवली की तो नळीतून डिझेल पंपापर्यंत पोचतो आणि डिझेल तोडतो. गंमत म्हणजे दारांची कुलपंही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. त्यामुळं मागच्या दारातली बोटभर रबरी नळी तडकली तरी इंजिन बंद व्हायला नकार देतं. तुम्ही एकेक नळी तोंडात धरून ओढून बघितलीत. "हितं हवा खायलालीय बगा." कुलपांची सगळी लाईन बेअरिंगच्या एका छर्र्यानं बुजवून टाकलीत. शर्यतीत सेंट्रल लॉक कुणाला पाहिजे? खर्च किती झाला हे पुण्याच्या मंडळींना कळू नये अशी माझी फार इच्छा आहे.

तरी तुमचं समाधान नव्हतं. अपघात झाला तर बाहेरच्या माणसाला इंजिन बंद करता आलं पाहिजे, असा शर्यतीचा नियम आहे. बाकीचे लोक बॅटरीचा कटऑफ लावतात आणि मोकळे होतात. तुम्ही म्हणालात, हिचा डिझेल पंप नुसता यांत्रिक आहे, बॅटरी काढून रस्त्यावर ठेवली तरी ही चालतच राहील. पंपावरच्या स्टॉपच्या दांडीला तुम्ही स्कूटरची क्लच केबल बांधलीत आणि तिचं टोक काचेखालून बाहेर काढून लाल मुठीला जोडलंत. तपासणीच्या वेळी तिथल्या साहेबांनी ती मूठ ओढली, इंजिन गपकन बंद पडलं, आणि त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? आम्ही चौघं एका सुरात "सोलापूर" म्हणालो. माणसाचं नाव विचारत होते बिचारे.

या गाडीचं बॉनेट थेट नव्वद अंशांत उभं राहतं, हे शोधल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बिजागरीजवळचा खटका तुम्हीच हुडकलात. पुण्यात सगळे अर्धवट उघड्या बॉनेटखाली डोकं घालून काम करत होते, भिंतीवर मर्सिडीजचे एवढे फोटो लावूनही.

केज, हार्नेस म्हणजे शर्यतीचे पट्टे, आग विझवायची यंत्रणा ही कामं नियमाप्रमाणे बाहेरून झाली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. रेडिएटर मात्र तुम्ही आपल्या हातानं धुतलात, आतला क्षाराचा थर निघेपर्यंत. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या दिवशी तुमच्या घरचे भरलेले हंडे कमी झाले, ते मी पाहिलंय. मग ऐन मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याबाहेरच्या उन्हात, बॉनेट लावून तुम्ही गाडी तासन्‌तास चालू ठेवलीत. "जे फुटायचं ते हितं फुटू दे, मद्रासला नको."

पण मला लिहायचंय ते यातल्या कशाबद्दलच नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही ट्रेलर घेऊन आलो तेव्हा शेड बंद होती. तुम्ही रात्री खूप उशिरापर्यंत होता, असं समोरच्या पेंटरनं सांगितलं. त्याचा पिवळ्या रंगाचा डबा आणि एक बारीक ब्रश मागून नेला होतात म्हणे. आम्ही वाकून बघितलं, तर गाडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर एक पिवळी रेघ. नटाच्या डोक्यावरून निघून खालच्या लोखंडावर सरळ उतरलेली. चाकांना, ब्रेकच्या कॅलिपरना, स्टिअरिंग बॉक्सला, प्रोपेलर शाफ्टला, इंजिनाच्या फाउंडेशनला, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला. प्रत्येक नट आधी आवळून बघितलेला, मग रंगवलेला. गाडीखाली उताणं पडून, एका बल्बच्या उजेडात.

फोन केला तर तुम्ही झोपेतूनच बोललात. "अक्का, म्या तितं नसणार. रेघ मोडली म्हंजे नट फिरला. रेघ बघायला मिस्त्री लागत न्हाई."

अण्णा, मी त्या फोननंतर थोडा वेळ ट्रेलरच्या मागं जाऊन उभी राहिले. भावाला वाटलं दोर तपासतेय. आजवर ज्या ज्या माणसाकडं काम घेऊन गेले, त्यातल्या बहुतेकांनी आपली विद्या झाकून ठेवली. पुन्हा आपल्याकडंच यावं लागेल, एवढीच सोय केली. तुम्ही हजारेक किलोमीटर लांब, तुमच्याशिवाय आमचं अडू नये याची सोय केलीत, तीही मागितली नसताना. काळजी करतो असं तोंडानं कधी म्हणाला नाहीत.

शर्यतीचं काय सांगू? लहान पेट्रोल गाड्या आम्हाला डाव्या-उजव्या बाजूनं मागं टाकत गेल्या. एकीला तर आमच्या भाचीनं आतून हात केला. पण त्या थांबत होत्या, उकळत होत्या, बॉनेट उघडून वाफ सोडत होत्या, आणि आपली म्हातारी ६५ लिटरच्या टाकीवर मुकाट्यानं फिरत होती. डिझेलला एकदाच थांबलो.

त्या थांब्यात भाची टॉर्च घेऊन तुमच्या रेघा मोजायला लागली. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, इथली रेघ जुळत नाहीये." नट सुताएवढा फिरला होता. पट्टा ढिला पडायला सुरुवात झाली होती. अल्टरनेटर गेला असता तर या इंजिनाला फारसा फरक पडला नसता, पण तोच पट्टा पाण्याचा पंप आणि पंखाही फिरवतो. पुढच्या काही फेऱ्यांत पाणी उकळलं असतं आणि हेड गेलं असतं. तिनं ब्रॅकेट दाबून पट्टा ताणला, पाना लावून नट आवळला, आणि परीक्षेत उत्तर बरोबर आल्यासारखं माझ्याकडं बघितलं. आम्ही शेवटून तिसरे आलो. आमच्या मागच्या दोन्ही गाड्या दोरीनं ओढून आणल्या होत्या.

त्या संध्याकाळी शेजारच्या पिटमधले, म्हणजे गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागेतले, बेंगळुरूचे लोक आमची गाडी बघायला आले. त्यातल्या एकानं खाली वाकून रेघा बघितल्या आणि विचारलं, तुमच्या टीमला इंजिनिअर कोण आहे? मी तुमचं वय, शेड आणि यंत्रमागांची खडखड सांगितली. तो बराच वेळ वाकलेलाच होता. जाताना आमच्याकडची शेंगाचटणीची पिशवी घेऊन गेला, मी नको म्हटलं नाही.

अशी माणसं सगळीकडं असतात, असं म्हणतात. असतीलही. एसटीत पोराला मांडीवर घेणारी, बँकेत म्हाताऱ्याची स्लिप भरून देणारी, रात्री टायर पंक्चर झाला तर दुकानाचं शटर परत वर करणारी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यांनी केलेलं काम दिसतच नाही. सगळं नीट चालू राहतं एवढंच दिसतं. काचेच्या केबिनमध्ये बसलेल्यांची नावं मात्र आपल्याला पाठ असतात. मलाही आहेत, पण घेणार नाही म्हटलंय.

आता कामाचं. तुमचं बिल मिळालं. त्यात रंगाच्या डब्याचे पैसे नाहीत, रात्रीची मजुरी नाही आणि छर्र्यासमोर तुम्ही "फुकट" असं लिहिलंय. हे चालणार नाही, नातवाला सांगून नवं बिल करून पाठवा. मागचा डावा शॉकअप तेल टाकायला लागलाय आणि तिसरा गियर पडताना आवाज करतोय. मंगळवारी आणू का? भाची पण येते म्हणतेय. तिला हेड कसं उतरवतात ते बघायचंय, आणि तुम्ही नाही म्हणणार नाही, असं मी तिला परस्पर सांगून टाकलंय.

तुमची,
मर्सिडीजवाली अक्का