सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू कोणाच्या खात्यात?

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार,

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, बांधकामाच्या वाळूवर कुत्रीची पाच पिल्लं सापडली. आई आदल्या रात्री डंपरखाली गेली होती. टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून पाचही घरी आणली, मोरीत रद्दी अंथरली. सातव्या दिवशी एकाला रक्ताची हगवण लागली. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. त्याचा तो वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगून मी आणि शेजारच्या काकू आळीपाळीने जागलो. दोन वाचली. त्यातल्या एकीचं नाव पोहा, कारण आजारातून उठल्यावर तिने पहिल्यांदा तोंड घातलं ते माझ्या बशीत. (डॉक्टरांना हे अजून सांगितलेलं नाही.)

मी कुठल्या संस्थेची नाही. नोकरी करते, दोन खोल्यांत राहते. माझ्यासारखी माणसं राज्यातल्या बहुतेक शहरांत आहेत. पिल्लू आणायचं, जगवायचं, लस द्यायची, घर शोधून द्यायचं आणि मोरी धुऊन पुढच्याची वाट बघायची. पार्व्होनंतर मोरी धुवायची ती ब्लीचने, नुसत्या फिनाइलने तो विषाणू मरत नाही. म्हणूनच आईविना पिल्लं एका मोठ्या निवाऱ्यात कोंबण्यापेक्षा दहा घरांत दोन-दोन ठेवलेली बरी. एका घरात रोग शिरला तरी बाकीची नऊ वाचतात.

अडचण नियमांत आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नसबंदीसाठी पकडता येत नाही. ते बरोबरच आहे, एवढ्याशा जिवावर शस्त्रक्रिया नको. पण मग त्या सहा महिन्यांत त्याच्याकडे बघायचं कोणी? पोहा मोठी होऊ लागली तशी मी एका नसबंदी केंद्रावर आगाऊ चौकशी करायला गेले. खिडकीतून उत्तर आलं, "घरात ठेवलीय ना? मग पाळीव झाली. खासगीत करा." म्हणजे रस्त्यावर असते तेव्हा लहान, आणि मोठी होईपर्यंत पाळीव. यात तिची नसबंदी राहते, घर मिळालं नाही तर ती पुन्हा रस्त्यावर जाते आणि वर्षभरात तिच्याच पोटची पिल्लं वाळूवर सापडतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. त्यात भर पडते ती अशीच.

मादी म्हणून घर मिळणं आणखी कठीण. फोनवर पहिला प्रश्न "नर आहे का?" आणि दुसरा "लॅब्राडॉरसारखा दिसतो का?" एक मादी नेलेल्या कुटुंबाने आठ महिन्यांनी ती माजावर आली म्हणून परत आणून सोडली, पट्ट्यासकट. नसबंदी करून दिली असती तर कदाचित राहिली असती.

कुत्र्यांची भीती वाटणाऱ्यांवर माझा राग नाही. आमच्याच इमारतीतल्या एका मुलाला कुत्रं चावलं, त्याच्या पाचही इंजेक्शनांना मी सोबत गेले होते. पिल्लू घरात गेलं की रस्त्यावरचं एक कमी होतं, एवढाच माझा हिशोब आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने रस्त्यावरच्या प्राण्यांच्या दत्तकविधानाची कार्यपद्धती २०२२ मध्येच काढली होती. तो कागद मी दाखवला की समोरचा माणूस तो उलटसुलट करून बघतो आणि परत देतो.

अनुदान नको. पैसे आले की संस्था लागते, संस्था आली की अध्यक्ष लागतो. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे आमच्यासारख्यांची साधी नोंद व्हावी आणि एक पत्र मिळावं. ते आमच्या राहत्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवता येईल, घरमालकालाही. त्या नोंदीवर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लांना सहाव्या-आठव्या आठवड्यापासूनची पार्व्हो-डिस्टेंपरची लस आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस मिळावी. आणि सहा महिने पूर्ण झाले की घरात वाढलेल्या या पिल्लांना नसबंदी केंद्राने "पाळीव" म्हणून परत पाठवू नये. जमलं तर महिन्यातला एक रविवार दवाखान्याचं आवार दत्तक शिबिरासाठी द्यावं. मांडव आम्ही आणू, सफाईही आम्हीच करू.

पोहाला येत्या पंधरवड्यात सहा महिने पूर्ण होतात. तिला कुठे न्यायचं, एवढं आपल्या कार्यालयाने कळवलं तरी सध्या पुरे.

आपली नम्र,
एक स्वयंसेविका, पुणे जिल्हा